मेंढपाळांच्या वाड्यावरचे जर्मन प्राध्यापक



आपले पोखर्णी गाव नृसिंहामुळे ओळखले जाते. परभणी-परळी मार्गावरच्या रेल्वे स्थानकाच्या नावातही नृसिंह आहे. या गावात राहणाऱ्या आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना जत्रा, दिंड्या, हलगी-ढोल, भंडारा यांची सवय जन्मापासूनची आहे. परंतु यातले नेमके काय कुठून आले, कोणी आणले, कोणत्या लोकांनी ते जपले, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आपलेच शेजारी, आपल्याच बांधावरचे लोक, पण त्यांच्या मनातले आपल्याला ठाऊक नसते. हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर विचारला, ते जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक होते. त्यांचे नाव डॉ. गुंथर-डीट्झ सोन्थायमर. १९९२ साली वयाच्या ५८ व्या वर्षी ते देवाघरी गेले. महाराष्ट्राच्या लोकधर्माचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही त्यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. आज त्यांची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

सोन्थायमर यांचा जन्म १९३४ साली दक्षिण जर्मनीतल्या उल्म शहरात झाला. हे शहर त्याच्या उंच चर्चसाठी प्रसिद्ध आहे. त्यांच्या बालपणीच दुसरे महायुद्ध झाले आणि बाँबवर्षावाने उल्म शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. तरुणपणी त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि मग भारतीय कायद्याकडे वळले. हिंदू एकत्र कुटुंब ही कायद्याच्या दृष्टीने काय चीज आहे, वडिलोपार्जित जमिनीवर कोणाचा किती हक्क, हा विचार स्मृतिग्रंथांपासून आजवर कसा बदलत आला, या विषयावर त्यांनी लंडनमध्ये डॉक्टरेट केली. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते डंकन डेरेट. आपल्याला कौतुक वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. हे डेरेटसाहेब हिंदू कायद्याचे मोठे जाणकार होते, तसेच त्यांनी नव्या करारातील कायद्याविषयीही १९७० मध्ये एक गाजलेले पुस्तक लिहिले. प्रभू येशूच्या दाखल्यांतील कारभारी, कर्ज, शेतात सापडलेली ठेव या गोष्टींमागे त्या काळचे कोणते कायदे व रिवाज होते, ते त्यात त्यांनी उलगडले आहे. गुरूच असे होते, तेव्हा शिष्यालाही पोथीच्या मागे असलेला माणूस दिसू लागला यात नवल नाही.

सोन्थायमर यांच्या एकत्र कुटुंबावरच्या अभ्यासाचे पुस्तक १९७७ मध्ये दिल्लीहून निघाले. वकील मंडळींना ते आजही उपयोगी पडते. पण ते छापून येईपर्यंत लेखकाचे मन दुसरीकडेच रमले होते. स्मृतिग्रंथ लिहिणाऱ्यांनी गावात स्थिर झालेल्या, जमीन धरून बसलेल्या माणसाचा विचार केला होता. ज्याच्या नावावर जमीनच नाही, जो वर्षातले कित्येक महिने घोडी, कुत्री, बायकापोरे आणि मेंढरे घेऊन चालतो आहे, त्याचा धर्म कोणत्या पोथीत शोधायचा? सोन्थायमर त्याच्या मागे चालू लागले.

येथून त्यांच्या जीवनातला खरा अध्याय सुरू होतो.

आपल्या भागातही हटकर व इतर धनगर समाज मोठा आहे, त्यामुळे वाडा म्हणजे काय ते वाचकांना सांगावे लागत नाही. तरी पश्चिम महाराष्ट्रातली रीत थोडक्यात सांगतो. फलटण, माण, आटपाडी हा पट्टा कमी पावसाचा. पावसाळ्यात तेथे चारा उगवतो. दिवाळीनंतर तो संपत आला की मेंढपाळ पश्चिमेला सह्याद्री व कोकणाच्या दिशेने निघतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो. रात्रभराच्या लेंडीखताने जमीन सुपीक होते आणि त्याच्या बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. म्हणजे शेतकऱ्याला मेंढपाळ हवाही असतो, आणि उभ्या पिकात मेंढरू शिरले की नकोसाही होतो. जुन्या करारात काइन व हाबेल यांची जी गोष्ट आपण वाचतो, ती शेतकरी भाऊ आणि मेंढपाळ भाऊ यांचीच. हा ताण हजारो वर्षांचा आहे.

सोन्थायमर मराठी शिकले, आणि पुस्तकी मराठीवर न थांबता मेंढपाळांची बोलीही समजून घेऊ लागले. ते वाड्यांवर जाऊन बसू लागले. धनगरी ओवी ही जात्यावरच्या ओवीसारखी दोन-चार ओळींची नसते. सुंबरान मांडून, म्हणजे देवाचे स्मरण करून, गायक सुरुवात करतो. एक भाग गायचा, मग तोच भाग कथा म्हणून बोलून सांगायचा, पुन्हा गायचा, असे रात्र रात्र चालते. हे सर्व त्यांना तोंडपाठ. सोन्थायमर यांनी हे ध्वनिमुद्रित केले, शब्द न शब्द उतरवून घेतला आणि त्याचा अर्थ त्या गायकांनाच विचारला. विद्यापीठातल्या प्राध्यापकाने निरक्षर मेंढपाळासमोर विद्यार्थी होऊन बसावे, ही गोष्ट त्या काळी आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांनाही सुचली नव्हती. याआधी दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरात पायी फिरून ग्रामदेवतांचा आणि जुन्या वाटांचा मागोवा घेतला होता, आणि डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे त्याच काळात खंडोबा व विठ्ठल यांच्यावर लिहीत होते. ढेरे आणि सोन्थायमर यांचा स्नेह होता आणि दोघांनाही एकमेकांच्या संशोधनाचा लाभ झाला.

या सगळ्या भटकंतीतून १९७६ मध्ये बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा या तीन देवांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी काय दाखविले? हे देव रानातून गावात आले आहेत. ते वारुळातून प्रकट होतात, तांदळ्याच्या रूपात असतात, भक्ताच्या मागोमाग चालत दुसऱ्या गावी जातात. पुणे जिल्ह्यातील वीर येथील म्हसकोबाचे उदाहरण घ्या. हा देव मूळचा आपल्या मराठवाड्यातल्या, धाराशिव जिल्ह्यातील सोनारीचा, आणि कमळाजी नावाच्या धनगर भक्ताच्या भक्तीमुळे तो वीरला आला, असे तेथली कथा सांगते. खंडोबाला दोन बायका. म्हाळसा वाण्याची, घरात राहणारी. बाणाई धनगराची, रानात राहणारी. दोघींची भांडणे लोक मोठ्या चवीने गातात. सोन्थायमर यांनी या भांडणाकडे करमणूक म्हणून पाहिले नाही. गाव आणि रान, नांगर आणि मेंढरू यांना एकमेकांशी कसे नांदायचे, ते या कथेत लोकांनी ठरवून टाकले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेला आपल्यापैकी अनेक जण जनावरांच्या बाजारासाठी जातात. वाणी, धनगर, शेतकरी, कारागीर असे सगळे एका खंडोबापाशी का जमतात, याचे उत्तर या ग्रंथात सापडेल.

नृसिंहाविषयीही त्यांनी लिहिले आहे, म्हणून पोखर्णीकरांनी त्यांना थोडे अधिक जवळचे मानावे. आंध्र प्रदेशातील अहोबिलम हे नृसिंहाचे फार मोठे क्षेत्र. तेथला नृसिंह रानातल्या चेंचू जमातीच्या मुलीशी लग्न करतो, अशी कथा आहे. खंडोबा आणि बाणाईशी तिचे नाते सोन्थायमर यांना लगेच दिसले. विजयनगरच्या काळातील लोकदेवांवरच्या, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी नृसिंह आणि मैलार-मल्लण्णा यांचा एकत्र विचार केला. पुराणातला देव आणि रानातला देव यांची गाठ कशी पडते, हे त्यांना त्यातून सांगायचे होते.

आता आपल्या वाचकांच्या मनात येईल की हे सर्व चर्चच्या पत्रकात कशासाठी? रास्त प्रश्न आहे. आपली श्रद्धा एका देवावर, त्याने पाठविलेल्या पुत्रावर आणि पवित्र आत्म्यावर आहे. सर्व देव एकच, असे सोईस्कर विधान आम्ही करणार नाही. सोन्थायमर यांनीही तसे कोठे केलेले नाही. उलट हिंदू धर्म हा शब्द एकेरी वापरला की घोटाळा होतो, असे त्यांना वाटे. ब्राह्मणांची ग्रंथपरंपरा, संन्याशांचा मार्ग, आदिवासींचा धर्म, लोकधर्म आणि भक्ती असे पाच घटक त्यात आहेत, ते एकमेकांत मिसळतात, कधी एकमेकांना ढकलतात, असे त्यांनी मांडले. फरक पुसून टाकल्याने आदर वाढत नाही. आम्हाला हे मत पटते, आणि १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयी जो जाहीरनामा दिला, त्याच्याशी ते जुळणारे आहे. इतरांमध्ये जे सत्य व पवित्र आहे ते नाकारू नका, असे चर्चने आपल्याला सांगितले. पण ते आहे की नाही हे पाहायला आधी जवळ जावे लागते. ख्रिस्ती समाजातून अशी माणसे महाराष्ट्रात आलेली आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठीत ख्रिस्तपुराण छापले. येशूसंघीय गी देल्युरी यांनी विठ्ठलभक्तीवर १९६० मध्ये ग्रंथ लिहिला. जर्मनीहून आलेले फादर मॅथ्यू लेदर्ले यांनी पुण्यात स्नेहसदन उभे केले आणि आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वविचारावर १९७६ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे सोन्थायमर यांचा धनगरी देवांवरचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी!

आणखी एक कारण आहे. सोन्थायमर वाचल्यावर आपलेच पवित्र शास्त्र आम्ही वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागलो. अब्राहाम, इसहाक, याकोब हे कोण? तंबूत राहणारे, मेंढरे घेऊन विहिरीमागून विहिरी गाठणारे लोक. मोशेला देवाचे दर्शन झाले ते सासऱ्याची मेंढरे रानाच्या पलीकडे नेल्यावर. दाविदाने देवासाठी देवळाचा बेत केला, तेव्हा नाथान संदेष्ट्याकरवी देवाने त्याला आठवण दिली की आजवर आपण तंबूतच, लोकांबरोबर चालत राहिलो. राजधानी, सिंहासन, मंदिर हे नंतरचे. बेथलेहेमच्या रात्री देवदूत पहिल्यांदा गेले ते वाड्यावर जागत बसलेल्या मेंढपाळांकडे. नाताळात आपण गव्हाणीत मातीची मेंढरे मांडतो, पण रस्त्याने खऱ्या मेंढरांचा कळप आला की हॉर्न वाजवतो.

वीरगळांचा अभ्यास हे सोन्थायमर यांचे दुसरे मोठे काम. १९८२ मध्ये कर्नाटकातील इतिहासकार एस. शेट्टर यांच्याबरोबर त्यांनी स्मारकशिलांवरचा ग्रंथ संपादित केला, त्यात महाराष्ट्रातील वीरगळ व सतीशिळांवर त्यांचा लेख आहे. मारुतीच्या देवळाजवळ, वेशीपाशी, कधी विहिरीच्या काठावर तीन-चार कप्प्यांचा कोरीव दगड अर्धवट पुरलेला दिसतो. कित्येक वीरगळांवर खालच्या कप्प्यात गाईंची रांग असते व लढताना पडलेला पुरुष. मध्ये अप्सरा त्याला वर नेतात, वरच्या कप्प्यात तो शिवलिंगाची पूजा करतो. परगावचे लोक जनावरे पळवायला आले, तेव्हा ती वाचविताना हा मेला आणि गावाने त्याची आठवण दगडात ठेवली. उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो, हे योहानाच्या शुभवर्तमानातील शब्द आपण पुनरुत्थानकाळात ऐकतो. आपल्या मराठी गावांना तो अर्थ प्रवचनाविनाही कळेल. त्यांच्या वेशीवर तो उभा आहे.

हायडेलबर्गमध्ये सोन्थायमर शिकवीत ते दक्षिण आशिया संस्थेत. ती १९६२ मध्ये स्थापन झाली. त्याच विद्यापीठात त्या काळी गाडामर हे तत्त्वज्ञ शिकवीत होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला त्यांची ओळख झाली. दुसऱ्याला समजून घ्यायचे तर आपली मते बाजूला ठेवता येत नाहीत, पण ती पणाला लावता येतात, असा काहीसा त्यांचा विचार. सोन्थायमर यांनी गाडामर किती वाचले होते यापेक्षा त्यांनी आपली मते माणच्या माळावर नेऊन पणाला लावली, हे आम्हाला मोठे वाटते.

वर्गाच्या बाहेर पडलेला हा प्राध्यापक पुस्तकांवरही थांबला नाही. म्युनिकचे छायाचित्रकार हेनिंग स्टेगम्युलर यांना बरोबर घेऊन त्यांनी चित्रपट केले. पंढरीच्या वारीवरचा त्यांचा चित्रपट १९८९ सालचा. आळंदी ते पंढरपूर ही अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट कॅमेरा घेऊन चालायची म्हणजे पावसात, चिखलात, गर्दीत. जेजुरीच्या खंडोबावरही त्यांनी चित्रपट केला. जर्मनीतल्या माणसाला वारकऱ्याचा चेहरा दिसावा, हा त्यामागचा हेतू.

येथे एक गोष्ट आम्हाला खटकते व ती लिहिली पाहिजे. १९७६ चा ग्रंथ जर्मनमध्ये. त्याचा इंग्रजी अनुवाद ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी केला, तो १९८९ मध्ये आला. सोन्थायमर यांच्या ध्वनिमुद्रणांतील बिरोबा व धुळोबा यांच्या दीर्घ ओव्या पुस्तकरूपाने वाचकांपुढे आल्या त्या २०१४ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, आणि त्याही इंग्रजीत. फेल्डहाउस यांना त्या कामी रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांची साथ होती. मरणोत्तर निघालेले त्यांचे खंडोबाविषयक लेखांचे पुस्तक, कायदा-धर्म-साहित्यावरचे लेख, स्मृतिग्रंथ, सर्व इंग्रजीत. ज्यांनी रात्र जागून गायले, त्यांना यातले एकही पुस्तक वाचता येणार नव्हते. जगातल्या विद्वानांना धनगराची ओवी कळली. धनगराच्या शाळेत जाणाऱ्या नातवाला ती कोणी शिकविली? हा दोष आम्ही एकट्या सोन्थायमर यांच्या माथी मारीत नाही. अठ्ठावन्न हे काही जाण्याचे वय नव्हे, आणि त्यांचे पुष्कळ काम अपुरे राहिले. मराठीत ते आणण्याचे काम मराठी माणसांचे होते.

ते आले नसते तर काय झाले असते, हेही पाहावे. पुष्कळ ओव्या गायकाबरोबरच मातीत गेल्या असत्या. चारा-राने कमी झाली, वाडे कमी झाले, मुले शाळेत व शहरात गेली. शाळा हवीच, त्याबद्दल दुमत नाही. परंतु रात्रभर ओवी म्हणणारा माणूस आता किती गावांत सापडेल?

आणि आपल्या घरांत? आपल्या धर्मग्रामातील वयस्क माता-भगिनींनी लहानपणी जात्यावर दळण दळले आहे. त्यांच्या ओव्यांत माहेर होते, भाऊ होता, दुष्काळ होता, बाबासाहेब होते, आणि बाप्तिस्म्यानंतर येशूबाबा व मारियामातासुद्धा आले. गी प्वातवँ व हेमा राईरकर यांनी पुण्याहून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रभरच्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. बीड जिल्ह्यात, माजलगावला, आंबेडकरांवरच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. माजलगाव आपल्यापासून दूर नाही. काही घरांतून असेही ऐकतो की चर्चला यायला लागल्यावर जुनी गाणी म्हणायची नसतात, असा आजीचा समज झाला. असा कोणताही नियम चर्चने केलेला नाही. कोणती ओवी उपासनेत घ्यावी व कोणती घरी ठेवावी, हा वेगळा विचार आहे आणि तो आपण बसून करू. पण आठवण म्हणून, आईच्या आईचा आवाज म्हणून, ती प्रत्येक ओवी जपण्यासारखी आहे.

म्हणून येत्या रविवारपासून मिस्सा झाल्यावर युवक मंडळातील मुले-मुली मोबाईल घेऊन मागच्या बाकांपाशी बसतील. ज्या आजींना जात्यावरच्या, पाळण्याच्या किंवा लग्नातल्या ओव्या येतात, त्यांनी घरच्यांना सांगून थोडा वेळ थांबावे. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी मुले येतील, त्यासाठी नाव-पत्ता सॅक्रिस्टीत द्यावा. प्रत्येक ध्वनिमुद्रणावर ओवी म्हणणाऱ्या आजीचे नाव, तिच्या माहेरचे गाव आणि ती कोणाकडून शिकली ते नोंदवायचे आहे. उतरविलेल्या ओव्या मराठीतच, या पत्रकात छापल्या जातील, आणि ज्यांना वाचता येत नाही त्या आजींना त्या मोठ्याने वाचून दाखविल्या जातील.